वेळेवर न आलेलं वाक्य

नोव्हेंबर उजाडला की आमच्या शाखेत पेन्शनवाल्यांची रांग लागायची. आपण अजून जिवंत आहोत हे वर्षातून एकदा कळवावं लागतं, त्याला हयातीचा दाखला म्हणतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बँकेत मी तीस वर्षं काउंटरवर काढली. पूर्व भाग म्हणजे निम्म्याहून जास्त खातेदार घरी तेलुगू बोलणारे. पुरुषांचं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं, बायकांचं बिड्या वळण्यात. त्या बायकांची पेन्शन महिन्याला हजार रुपये. तीही २०१४ च्या सप्टेंबरपासून किमान हजार झाली, त्याआधी कित्येकींना त्याहून कमी मिळायची.

२०१८ सालचा नोव्हेंबर. अकरा-साडेअकराची वेळ, रांग दारापर्यंत गेलेली. सत्तरीच्या एक अव्वा, म्हणजे आजी, पुढे आल्या. अंगावर विटलेलं हिरवं लुगडं, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दोनदा गुंडाळलेलं पासबुक. माझ्या शेजारच्या टेबलावर आमचे एक साहेब अंगठ्याचं मशीन घेऊन बसले होते. अव्वांनी अंगठा ठेवला. मशीन घेईना. पदराला पुसून पुन्हा ठेवला, घेईना. डावा अंगठा झाला, मग एकेक बोट. दहाही बोटं झाली.

बिडीचं काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं पान कापायचं, त्यात चिमूटभर तंबाखू पसरायची, अंगठा आणि दोन बोटांत ते फिरवून वळायचं, दोरा गुंडाळायचा आणि तोंड नखानं आत दुमडून बंद करायचं. एका बिडीला एवढं सगळं, आणि दिवसाला हजार बिड्या. चाळीस वर्षं हे केलेला अंगठा मी पुढे हातात धरून पाहिला. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत होता.

साहेब कंटाळले होते. सकाळपासूनची ती पंधरावी-विसावी बाई असेल. ते मागे रेलले आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आजी, मशीन म्हणतंय तुम्ही वारलात. आता आम्ही कुणाचं खरं धरायचं?"

रांग हसली. कॅशमधला मुलगा हसला. अव्वांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि सगळे हसतायत म्हणून त्याही हसल्या. साहेबांनी मग त्यांना मराठी येत नाही यावरही एक वाक्य टाकलं, पोराला घेऊन उद्या या म्हणून सांगितलं आणि पुढच्याला हाक मारली. अव्वांनी पासबुक पिशवीत घातलं, पिशवीला पुन्हा दोन वेढे दिले आणि त्या गेल्या.

ज्यांचा ठसा उमटत नाही त्यांच्यासाठी कागदी दाखला भरून घेता येतो, हे मला माहीत होतं. कोरे फॉर्म माझ्या पाठीमागच्या कपाटात होते. "साहेब, कागदी दाखला भरून घेऊ, मी भरते." सात शब्दांचं वाक्य. ते माझ्या तोंडून आलं नाही. आणि लिहायला बसलेच आहे तर पूर्ण लिहिते: रांग हसली तेव्हा माझ्याही ओठांवर हसू आलं होतं.

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू बोलली असतीस तरी काय फरक पडला असता?" फरक कुणाला पडला असता याचा मी मनात हिशेब मांडला. अव्वांचं जायचं-यायचं भाडं वाचलं असतं. एक दिवसाच्या बिड्या बुडाल्या नसत्या, कारण पेन्शन सुरू झाल्यावरही या बायका सुनेच्या नाहीतर लेकीच्या बिडी कामगार कार्डावर वळतच असतात. आणि मला काय झालं असतं? साहेबांच्या कपाळाला आठी पडली असती. चहाच्या वेळी ते दोन दिवस बोलले नसते. माझ्या नोकरीला, पगाराला, कशालाही धक्का नव्हता. मी एका आठीला भ्याले होते.

आमच्या गावात धैर्याचे पुतळे आहेत. गड्ड्याच्या यात्रेच्या ऐन तोंडावर, १२ जानेवारीला, चार हुतात्म्यांना हार पडतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात या चौघांना फाशी दिलं. नावं वाचली तरी कळतं की चार वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या देवांची माणसं होती. बँकेत जाता-येता मी कितीतरी वर्षं त्या पुतळ्यांच्या चौकातून गेले आणि दर वेळी मनातल्या मनात हात जोडले. पण धैर्य म्हणजे चौथऱ्यावरचं, फाशीच्या दोराइतकं मोठं, असं डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की आपल्या काउंटरवरही त्याची गरज पडते हे कधी सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी अव्वा आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी दाराकडे बघत राहायचे. आठव्या दिवशी आल्या, कॉलेजात जाणारा नातू बरोबर होता. साहेबांच्या टेबलापर्यंत त्यांना जाऊच दिलं नाही. कपाटातून फॉर्म काढला, भरला, शाईचं पॅड पुढे केलं. कागदावर नुसता निळा गोल डाग उमटला, आत एक रेघ नाही. मी त्यावर शिक्का मारला. अव्वांनी काउंटरच्या जाळीखालून हात घालून माझ्या मनगटाला धरलं आणि म्हणाल्या, "चल्लगुंडु बिड्डा." मला कळलं नाही. नातवानं सांगितलं, "थंड राहा पोरी, म्हणजे सुखात राहा, असं म्हणतेय." ज्या बाईला हसताना मीही हसले होते तिचा आशीर्वाद घेऊन मी पुढचा पूर्ण दिवस काम केलं.

त्या दिवशी नातू फॉर्म भरून होईतो बोलत होता. ते राहायला कुंभारीला, गोदूताई परुळेकरांच्या नावाच्या वसाहतीत. बिडी कामगार बायकांची दहा हजार घरं आहेत तिथे. म्हणाला, "घरासाठी जेवढे मोर्चे निघाले तेवढ्यांना आजी गेलीय. पोलिसांच्या काठ्याही खाल्ल्यात." मी अव्वांकडे पाहिलं. आठ दिवस माझ्या मनात एक बिचारी म्हातारी होती. जिनं रस्त्यावर उतरून स्वतःचं घर मिळवलं, तिला मी मनातल्या मनात बिचारी करून टाकलं होतं. दया करणं सोपं असतं, त्यात समोरच्याची उंची आपणच ठरवतो.

सोलापुरात मी १९८६ ला सून म्हणून आले. सासूबाई भाजीवालीशी कानडीत भाव करायच्या, गल्लीच्या तोंडाशी उर्दू, दोन गल्ल्या सोडल्या की तेलुगू. बत्तीस वर्षं मी या तीन भाषांच्या मधून चालत होते आणि त्यातली एकही शिकले नव्हते. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांवर उपचार करता करता चिनी भाषा शिकले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. भैय्या चौकात त्यांच्या घराचं स्मारक आहे. ते दाखवायला मी पाहुण्यांना घेऊन जात असे. आणि काउंटरच्या पलीकडच्या बाईला "बसा" म्हणण्याइतकं तेलुगू मला येत नव्हतं.

आमच्या शाखेतले शिपाई पद्मशाली, घरी तेलुगू बोलणारे. त्यांना म्हटलं, मला रोज एक वाक्य शिकवा. पहिल्या दिवशी "कूर्चो" शिकले, बस. ते मी एका म्हाताऱ्या आजोबांना म्हटलं तर शिपाईमामांनी मागून येऊन दुरुस्त केलं: "मोठ्यांना कूर्चोंडि म्हणायचं मॅडम." मग "एमैंदि", काय झालं. मग "तिन्नावा", जेवलीस का. व्याकरण कधीच आलं नाही, पण पंधरा-वीस वाक्यं जमली. त्यातलं सगळ्यात उपयोगी पडलं ते "एमैंदि". काय झालं असं तिच्या भाषेत विचारलं की बाई आधी दचकते, मग खुर्ची ओढते आणि सांगते. अर्धं मला कळायचं नाही, मामा सांगायचे. छाट म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. वळून नेलेल्या बिड्या कारखान्यात तपासतात, नापास झालेल्या बाजूला काढतात, ती छाट. तिचे पैसे नाहीत. पान खराब दिलं असेल तरी छाट वळणारीच्या अंगावर. मी तीस वर्षं या बायकांच्या खात्यावरचे आकडे पाहत होते आणि आकडा कमी का आला हे एकदाही विचारलं नव्हतं.

आता बोलायचंच, असं मी मनाशी ठरवलं होतं. आणि पुढच्याच उन्हाळ्यात बोलले. तेही लिहायला हवं, कारण ते मला पहिल्यापेक्षा जास्त बोचतं.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. उजनी भरलेली असो की नसो, सोलापूरकराला पाण्याचा वार तोंडपाठ असतो. पाणी यायच्या दिवशी सगळी गल्ली जागी. त्या मे महिन्यात दाब फारच कमी झाला आणि कुणीतरी नळाला थेट मोटर लावतंय अशी कुजबुज सुरू झाली. गल्लीच्या टोकाला नव्यानं एक मुसलमान कुटुंब भाड्यानं आलं होतं. नवरा, बायको, तीन मुलं. तेच असणार, असं सगळे म्हणायला लागले. ते येण्याआधी असं होत नव्हतं, हा पुरावा. पाण्याच्या दिवशी ती बाई घागर घेऊन बाहेर आली तेव्हा मी सगळ्यांच्या देखत तिला म्हणाले, "सगळ्यांच्या वाटणीचं पाणी एकट्यानं ओढायचं नसतं. मोटर काढून ठेवा." ती म्हणाली, "आमच्याकडं मोटरच नाही ताई. येऊन बघा." मी बघायला गेले नाही. शेजारणी माझ्याकडे पाहून माना हलवत होत्या आणि मला वाटत होतं, बघा, आज मी गप्प बसले नाही.

पंधरा-वीस दिवसांनी महापालिकेची माणसं आली आणि मोटर जप्त करून नेली. ती निघाली आमच्या समोरच्या घरातून. ज्या घरी आम्ही सगळ्या संक्रांतीला वाण लुटायला जातो, त्या घरातून. गल्लीत त्यावर कुणी एक अक्षर काढलं नाही. मीही नाही.

बँकेतलं गप्प बसणं समजायला मला एक रात्र लागली होती. हे समजायला बरेच दिवस लागले. मी बोलले खरी, पण अख्खी गल्ली ज्या बाजूला उभी होती त्याच बाजूनं बोलले. रांगेतल्या हसण्यात आणि माझ्या त्या बोलण्यात तसूभर फरक नव्हता. मोठ्यानं बोलणं आणि धीर करणं यात मी गल्लत केली होती. तेव्हापासून राग आला आणि बोलावंसं वाटलं की मी आधी आजूबाजूला बघते. सगळे माझ्या बाजूनं माना हलवत असतील तर एकदा थांबते.

एका दुपारी तिच्या घरी गेले. ती टॉवेलांना शिलाई मारत बसली होती, एका बाजूला पांढऱ्या टॉवेलांची चळत, मशीनच्या पायाशी दोऱ्यांचा कचरा. सगळे पाणी भरायला धावायचे तेव्हा हिचं मशीन चालू असायचं, तोच आवाज आम्हाला मोटरीचा वाटला होता का, असा विचार तिथं उभी असताना मनात आला. मी म्हणाले, माझं चुकलं. तिनं मशीन थांबवलं, चहा टाकला, दिला. मी निघताना शांतपणे म्हणाली, "ताई, बोलला होता गल्लीत. सांगायला आलात घरात."

पुढचं पाणी पाच दिवसांनी होतं. पाच दिवस मी एक वाक्य तोंडात घोळवत होते. पोळ्या लाटताना, बसमध्ये, झोपताना. बँकेत त्या दिवशी सात शब्द का आले नाहीत, ते मला त्या पाच दिवसांत कळलं. असलं वाक्य आयत्या वेळी सुचत नसतं. आयत्या वेळी जिभेवर जे सवयीचं असतं तेच येतं, आणि माझी सवय गप्प बसण्याची नाहीतर सगळ्यांच्या सुरात सूर मिसळण्याची. पाणी आलं, घागरी लागल्या. मी म्हणाले, "मोटरीचं मी यांना चुकीचं बोलले होते. यांच्याकडं मोटर नव्हती." कुणी काही बोललं नाही. समोरच्या वहिनींनी घागर जरा आपटून उचलली आणि त्या वर्षी संक्रांतीला आमच्याकडे वाण आलं नाही.

तिसरी गोष्ट माहेरची. आमचं गाव मंगळवेढ्याच्या बाजूला. काळी, खोल जमीन. मालदांडी ज्वारीचा मुलूख. जानेवारीत दादा सगळ्यांना हुरड्याला बोलावतो. शेतात आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, गरम कणसं हातावर चोळून दाणे काढायचे. शेंगाचटणी, गूळ, दही. चोळायचं काम दादाचा सालगडी आणि त्याची बायको करत होती. तळहात लाल होत होते, आणि आम्ही वाट्या पुढे करत होतो.

मग चहा झाला. आम्हाला किटलीतून कपात. त्या दोघांनी गोठ्याच्या मेढीला टांगलेले दोन कान तुटलेले कप काढले, धुतले आणि पुढे धरले, वहिनीनं वरून ओतला. हे मी लहानपणापासून पाहत आलेले होते. आजोबांच्या वेळी नारळाच्या करवंट्या होत्या, नंतर कप आले. त्या दिवशी ते मला दिसलं. वाक्य तयार होतं, कारण या विषयावर मी मनात कितीतरी वेळा बोलले होते. पंधरा पाहुण्यांसमोर मी म्हणाले, "दादा, हे कप अजून वेगळे का? आपल्या कपात द्यायला काय होतंय?"

आगटीतला जाळ तेवढा ऐकू येत होता. दादा म्हणाला, "चार दिवस शहरातनं येतीस आणि आम्हाला शिकवतीस होय?" वहिनी डोळ्याला पदर लावून आत गेली. ते दोघं आपापला चहा न पिताच उठून कडब्याच्या गंजीकडे गेले.

या खेपेला सगळे माझ्या बाजूनं नव्हते. दुरावलं ते माझंच माणूस होतं. म्हणजे हे तरी खरं, असं मनाला समजावत मी गाडीकडे निघाले. सालगड्याची बायको ज्वारीचं पोतं ठेवायला गाडीपाशी आली. पोतं ठेवलं, आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमी बोलून गाडीत बसून जाताल. आमाला हितंच ऱ्हायचंय."

मंगळवेढा ते पंढरपूर जेमतेम पंचवीस किलोमीटर. परतीच्या वाटेवर नाही, पण त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, चला, दर्शन घेऊ. चोखोबा मंगळवेढ्याचे. गावकुसाचं काम करताना ते कोसळून त्याखाली गेले, आणि त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी, बाहेर. कित्येक शतकं त्यांची माणसं तिथवरच येऊ शकत होती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसले आणि मग ते दार उघडलं. उपोषण सगळ्यांना ठाऊक असतं. समाधीपुढे उभी असताना मला मात्र त्याआधीचे महिने आठवले. गुरुजी आधी महाराष्ट्रभर गावोगाव फिरले होते, देवळं आणि पाणवठे खुले करा म्हणून लोकांशी बोलत. मी गाडीतून उतरले होते, एक वाक्य टाकलं होतं आणि पुन्हा गाडीत बसले होते. ज्या दोघांसाठी बोलले त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

पंधरा दिवसांनी एसटीनं एकटीच गेले. दादा माझ्याशी बोलत नव्हता, तरी गेले. ती बांधावर गवत कापत होती. तिच्याबरोबर बसले आणि विचारलं, "तुला काय वाटतं? खरं सांग. कपाचं मी बोलू की नको?"

ती बराच वेळ विळा चालवत राहिली. मग म्हणाली, "कपाचं ऱ्हाऊ द्या ताई. उचलीचं बगा."

पाडवा ते पाडवा असं त्यांचं साल. थोरल्या पोरीच्या लग्नाला चाळीस हजार उचल घेतलेली. तीन वर्षं झाली, फिटता फिटेना. किती फिटली, किती राहिली, खाडे किती धरले, ते सगळं दादाच्या लाल वहीत. वही घरात, कपाटात. "तुमचे भाऊ लबाड हायेत असं न्हाई म्हनत मी," ती म्हणाली, "पर आमाला दिसत न्हाई ना." कपाचं दुःख तिला नव्हतं असं नाही. पण रात्री झोप उडवणारी गोष्ट दुसरी होती. मला जे बघवत नव्हतं ते मी उचललं होतं, आणि तिला जे सोसवत नव्हतं त्याचा मला पत्ताही नव्हता. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत बसणारं दुखणं होतं ते, आणि मीच विचारलं नव्हतं.

दादाशी त्या विषयावर बोलायला मला वर्ष लागलं. तो म्हणाला, "विश्वास नाही का माझ्यावर?" मी म्हणाले, "आहे. पण दादा, बँकेवरही तुझा विश्वास आहे. मग पासबुक तू घरी का ठेवतोस?" तो उठून गुरांना पाणी दाखवायला गेला. पुन्हा सहा महिने काही नाही. मग एका पाडव्याला, जेवणं झाल्यावर, त्यानं लाल वही आणून माझ्यापुढे टाकली आणि "मांड हिशेब" म्हणाला.

ओसरीवर बसून मी तीन तास हिशेब मांडला. समोर ती दोघं. मनातून मी दादाचा काहीतरी घोळ सापडेल असं धरूनच बसले होते. घोळ निघाला तो एकच, पंधराशे रुपयांचा हप्ता लिहायचा राहून गेला होता. आणि मग सालगडी स्वतःहून म्हणाला, "मालकांनी माझ्या दवाखान्याचं केलं होतं, ते ह्यात न्हाई." खरंच नव्हतं. आठ-नऊ हजार तरी असतील, दादानं ते लिहिलेच नव्हते. मी वर पाहिलं तर दादा माझ्याकडे न बघता सुपारी कातरत होता. कान तुटलेला कप पुढे करायला लावणारा आणि दवाखान्याचे पैसे उधारीत न धरणारा माणूस एकच होता, आणि तो माझा भाऊ होता. दोन वर्षं मी त्याच्याबद्दल एकच गोष्ट खरी धरून चालले होते.

एक दुहेरी वही केली. एक त्यांच्याकडे, एक दादाकडे, दर महिन्याला दोन्हीकडे एकच नोंद. ती अजून चालू आहे. पुढच्या हुरड्याला गेले तेव्हा वहिनीनं स्टीलचे पेले काढले होते, सगळ्यांना सारखे. "कप लई फुटतात," एवढंच म्हणाली. मी काही बोलले नाही. मेढीवरचे कप दिसले नाहीत.

मी निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. माझ्या जागेवर आलेल्या मुलीला जाताना मी दोन गोष्टी दिल्या: कागदी दाखल्यांचा गठ्ठा हाताशी असलेल्या ड्रॉवरमध्ये, आणि तेलुगू वाक्यांची एक वही, मामांनी तपासलेली. दाखल्याचं कामही आता बदललं. २०२१ च्या नोव्हेंबरपासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो. पुढच्या वर्षी त्या अव्वांच्या नातवाचा फोन आला. बँकेत असताना त्यानं नंबर घेतलेला. म्हणाला, "मॅडम, मोबाइलवर जमेना, एकदा बघता का?" मी कुंभारीला गेले.

एकसारख्या घरांची लांबलचक रांग. दारात सूप, पानांची टोपली. अव्वा बऱ्याच वाळल्या होत्या. मी "बागुन्नारा अव्वा?" विचारलं तशा हसल्या आणि शेजारची चटई हातानं झटकली. नातवाचा मोबाइल घेऊन उजेडात धरला, आधारचा नंबर टाकला. चेहरा गोलात आला की पापण्या मिटून उघडायला सांगतात. मी माझ्या मोडक्या तेलुगूत, अर्धं खुणांनी, ते समजावायला लागले. अव्वांनी मोबाइलकडे नीट पाहिलं, एकदा डोळे मिटले, उघडले. झालं.

मी मोबाइल खाली ठेवला तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या. मग स्वच्छ मराठीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "आता मशीन काय म्हणतंय? हाय का मी?"

चार वर्षांपूर्वी त्यांना सगळं कळलं होतं. रांग कशाला हसली तेही, आणि बहुतेक, कोण कोण हसलं तेही. कळूनच त्यांनी जाळीखालून हात घातला होता.

"आहात अव्वा," मी म्हणाले. "आणि त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

त्यांनी सूप मांडीवर ओढलं, एक पान उचललं, माप ठेवलं आणि कात्री हातात घेत नातवाला तेलुगूत काहीतरी सांगितलं. तो आत गेला. मी त्याला विचारलं, काय म्हणाल्या? आतून स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, "म्हणाली, चहा ठेव. मॅडमला बराच वेळ बसायचंय."